कळ दाबली, पण कळलं का?

१९९१ सालची गोष्ट. माझा बी.ए.चा निकाल लागला आणि चार दिवसांनी घरी तार आली. त्या काळी तार म्हटली की आधी रडायचं आणि मग पोस्टमनला विचारायचं, ‘कोण गेलं?’ अशी घराघरातली रीत. अम्मीनंही पदर डोळ्यांना लावला. पोस्टमन मात्र हसत होता. त्यानं कागद उलगडला. परीक्षेतल्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन, असा इंग्रजी मजकूर आणि खाली मामूंचं नाव. मामू उर्दू चौथी शिकलेले. एवढं सफाईदार इंग्रजी त्यांनी लिहिलं कसं, याचा मला कितीतरी दिवस अचंबा वाटत राहिला.

पुढे कळलं की ते वाक्य मामूंचं नव्हतंच. तार ऑफिसात शुभेच्छांच्या तयार वाक्यांची यादी असे. दिवाळी, ईद, नवं वर्ष, लग्न, बाळाचा जन्म, परीक्षेतलं यश. प्रत्येक वाक्याला एक आकडा. फॉर्मवर पत्ता लिहायचा, आकडा लिहायचा, खाली आपलं नाव. पलीकडच्या ऑफिसात त्या आकड्याचं पुन्हा पूर्ण वाक्य व्हायचं आणि ते दारात पोचायचं. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तो आकडा मात्र माझ्या मनातून गेला नाही.

तो परवा पुन्हा आठवला. माझ्या भाचीनं माझ्या फोनवर एक बटण करून दिलं. मला ओळी सुचतात त्या बसमध्ये, रांगेत, नाहीतर दवाखान्याच्या बाकावर. फोन उघडा, वहीचं ॲप शोधा, नवं पान घ्या, तारीख घाला, लिहायला लागा. एवढं होईपर्यंत ओळ निघून जाते. आता एकच बटण दाबतो. फोन ऐकू लागतो, मी बोललेली ओळ लिहून घेतो, तिच्यावर तारीख घालतो आणि ‘ओळी’ नावाच्या वहीत ठेवून देतो. मी म्हटलं, ‘बेटा, ही तर मामूंची तार झाली!’ तिला अर्थातच काही कळलं नाही. म्हणून ही गोष्ट थोडी मागून सांगतो.

लांबलचक काम एका खुणेत बांधायचं, या युक्तीला संगणकाच्या दुनियेत पहिलं नाव मिळालं ते ‘मॅक्रो’. मूळ शब्द ग्रीक, अर्थ मोठा किंवा लांब. १९५० च्या दशकात संगणकाला काम सांगायचं म्हणजे एकेक बारीक आज्ञा लिहावी लागे. हा आकडा उचल, तो त्यात मिळव, उत्तर अमुक घरात ठेव. त्याच त्या पाच-सात ओळी शंभर ठिकाणी लिहून माणसं कंटाळली. मग त्यांनी त्या ओळींची जुडी बांधली आणि जुडीला एक नाव दिलं. नाव लिहिलं की सगळी जुडी त्या जागी येऊन बसायची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० मध्ये यावर निबंध लिहिला आणि ही युक्ती वरच्या पातळीच्या संगणकभाषांनाही कशी लावता येईल ते दाखवलं.

हे फार परकं वाटत असेल तर आपलाच ‘क्ष’ घ्या. संगणकाच्या पोटात ‘क्ष’ हे एक अक्षर नाही. तिथे ‘क’ आहे, मग हलन्ताची खूण आहे आणि मग ‘ष’ आहे. पण इन्स्क्रिप्ट नावाच्या सरकारी कळफलकावर शिफ्ट आणि सात एकदम दाबलं की तिन्ही खुणा एका झटक्यात उमटतात. शेजारच्या कळांवर ‘ज्ञ’, ‘त्र’ आणि ‘श्र’. ज्यांनी हा कळफलक आखला, त्यांनी आपल्यासाठी चार छोट्या जुड्या आधीच बांधून ठेवल्या आहेत. आपण त्या रोज दाबतो आणि त्या जुड्या आहेत हे विसरून जातो.

सत्तरच्या दशकात एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मोठी गंमत झाली. तिथली मंडळी मजकूर लिहिण्यासाठी टेको नावाची एक प्रणाली वापरत आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीच्या जुड्या बांधून त्या एकेका कळीला लावून ठेवी. परिणाम काय? एकाच्या खुर्चीवर दुसरा बसला की त्याला काही उमगेना. याच्या कळीनं ओळ पुसली जायची, त्याच्या कळीनं ओळ उडी मारायची. शेवटी गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी या सगळ्यांच्या जुड्या गोळा करून त्यांना एक शिस्त लावली. १९७६ मध्ये त्यातून ‘ईमॅक्स’ जन्माला आलं. नावातच ‘मॅक्रो’ आहे. पुन्हा लिहिलेल्या रूपात ते आजही वापरात आहे. पण या कथेतली मला आवडणारी गोष्ट वेगळी. तिथे कळ दाबणारा आणि कळ बांधणारा हा एकच माणूस होता.

काही कळा मात्र तयार होऊनच आपल्या हाती आल्या. कातरणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या तीन क्रिया आपण रोज करतो. त्यांच्यामागे लॅरी टेस्लर यांचं काम आहे. सत्तरच्या दशकात टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी, एक लेखनप्रणाली केली. ते संपादक तेव्हा खरोखर कात्री आणि खळ घेऊन काम करत. टेस्लर २०२० मध्ये वारले. दुसरी कळ आयबीएमच्या १९८१ च्या संगणकातली. यंत्र अडकलं की कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबायचं आणि ते पुन्हा सुरू करायचं. डेव्हिड ब्रॅडली यांनी आधी वेगळ्या तीन कळा निवडल्या होत्या, पण त्या एका हातानं चुकून दाबल्या जातील असं लक्षात आलं. म्हणून त्यांनी मुद्दाम दोन हात लागतील अशी जोडी केली. सोप्या वाटा करणाऱ्यांपैकी निदान एकानं तरी विचार केला, की काही वाटा जरा अवघडच हव्यात!

आता माझ्या नोकरीतली हकीकत. १९९४ मध्ये मी एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. तिथे पगारपत्रक ‘लोटस १-२-३’ या प्रणालीवर होई. ही प्रणाली मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांनी १९८३ मध्ये बाजारात आणली होती. तिच्यात साध्या माणसालाही मॅक्रो लिहिता येत असे. हातानं ज्या कळा दाबल्या असत्या, त्यांचीच नावं तक्त्याच्या एका घरात ओळीनं लिहायची आणि त्या ओळीला एक अक्षर द्यायचं. मग आल्ट आणि ते अक्षर दाबलं की यंत्र त्या कळा आपल्या आपण दाबू लागे. आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी रात्री जागून असा एक मॅक्रो लिहिला होता. महिनाअखेर ते खुर्ची पुढे ओढत, चष्मा पुसत आणि आल्ट-पी दाबत. पडद्यावर आकडे पळू लागत. आम्ही सगळे मागे उभे राहून पाहत असू. दोन दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत होई.

पुढे साहेब निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं झाली. मॅक्रो मागे राहिला आणि ती कळ दाबायचं काम माझ्याकडे आलं. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. चौथ्या महिन्यात आमचे शिपाईमामा पगाराचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, ‘साहेब, भत्ता वाढलाय ना? मग माझा कसा नाही वाढला?’ मी अगदी तोऱ्यात सांगितलं, ‘मामा, हे कॉम्प्युटरनं केलंय.’ ते काही बोलले नाहीत. विडीच्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं केलेला हिशोब त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मूळ पगार, महागाई भत्त्याचा नवा दर, गुणाकार, बेरीज. हिशोब बरोबर होता. चूक आमच्या कळीची होती. साहेबांनी भत्त्याचा दर मॅक्रोच्या ओळीतच आकड्यात लिहिला होता. दर बदलला की ते गुपचूप ती ओळ उघडून आकडा बदलत. हे ना त्यांनी कुणाला सांगितलं होतं, ना आम्ही विचारलं होतं. नवा दर लागू झाला तेव्हा मी नुसती कळ दाबली. सगळ्या कार्यालयाला त्या महिन्याचा पगार कमी मिळाला आणि ते कळलं एका माणसाला. कारण त्याच्याकडे कळ नव्हती, पेन्सिल होती.

त्या दिवसापासून कुठलंही बटण दाबताना मला वाटतं, याच्या आत काय लिहिलंय? आणि ते लिहिणारा कुठे आहे?

आत काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचता यावं, असं वाटणारा एक माणूस त्याच काळात होता. ॲपल कंपनीतले बिल ॲटकिन्सन. १९८७ मध्ये त्यांनी ‘हायपरकार्ड’ आणलं. पडद्यावर पोस्टकार्डासारखी कार्डं. त्यांवर मजकूर लिहा, चित्र काढा आणि हवं तिथे एक बटण ठेवा. बटणाच्या आत साध्या इंग्रजीसारख्या भाषेत दोन ओळी लिहायच्या. माउसची कळ सोडली की पुढच्या कार्डावर जा, इतकं सोपं. ॲटकिन्सन यांचा आग्रह होता की हे मॅकिन्टॉशबरोबर फुकट मिळालं पाहिजे आणि सुरुवातीला तसं ते मिळालंही. शाळेतल्या शिक्षकांनी त्यावर धडे केले. ‘मिस्ट’ नावाचा १९९३ मधला गाजलेला खेळ मॅकिन्टॉशवर त्यातच बांधला गेला. महत्त्वाचं असं की दुसऱ्यानं केलेलं बटणही उघडून आतली ओळ वाचता येत होती, बदलता येत होती. २००४ मध्ये हायपरकार्डची विक्री बंद झाली. २०२५ मध्ये ॲटकिन्सनही गेले.

आता दुसरा धागा. बटण हे काम करतं, तर दुवा, म्हणजे लिंक, ही वाट दाखवते. या वाटेचं स्वप्न जुनं आहे. जुलै १९४५ मध्ये अमेरिकन वैज्ञानिक व्हॅनेव्हर बुश यांनी ‘अटलांटिक मंथली’ मासिकात एका काल्पनिक मेजाचं वर्णन केलं. मेजाच्या पोटात हजारो पुस्तकं सूक्ष्म फिल्मवर आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या पायवाटा वाचकानं स्वतः पाडायच्या. त्यांनी असंही लिहिलं होतं, की आपण पाडलेली वाट दोस्ताला देता येईल आणि तो ती आपल्या मेजात बसवून घेईल. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबर्ट यांनी भर सभेत माउस हातात घेऊन अशा दुव्यांवरून चालून दाखवलं. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात जगभरच्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला आणि दुवा घरोघर आला.

दुव्याच्या पत्त्यात एक बारीक गोष्ट असते. पत्त्याच्या सुरुवातीला एक शब्द आणि त्यापुढे दोन टिंबं. तो शब्द सांगतो की हा पत्ता कोणत्या दारानं उघडायचा. ‘एचटीटीपी’ असेल तर संकेतस्थळ. ‘मेलटू’ असेल तर पत्र लिहायची खिडकी. पुढे ‘टेल’ आला, म्हणजे फोन लावा. २००८ मध्ये आयफोनवर बाहेरच्या लोकांनी केलेली ॲप्स आली, तेव्हा प्रत्येक ॲपला असा आपला शब्द नोंदवता येऊ लागला. दुवा दाबला की नेमकं तेच ॲप उघडायचं आणि ॲपच्या आत नेमकं तेच पान. पण एकाच शब्दावर दोन ॲप्सनी हक्क सांगितला तर? एका घराची पाटी दोन दारांवर लागली तर टपाल जायचं कुठे? म्हणून २०१५ मध्ये ॲपल आणि गूगल या दोघांनी आपापल्या परीनं नवी तजवीज केली. संकेतस्थळाचा मालक जेव्हा स्वतः सांगेल की हे ॲप माझं आहे, तेव्हाच तो दुवा त्या ॲपकडे जाणार.

मधल्या काळात बुशसाहेबांच्या दोस्ताच्या वाटेवर दरोडा पडला होता. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ नावाचा उपद्रव पसरला. ओळखीच्या माणसाच्या नावानं पत्र यायचं, महत्त्वाचा निरोप म्हणून. सोबत वर्ड प्रणालीतला एक कागद. तो उघडला की आत दडलेला मॅक्रो जागा व्हायचा आणि तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० जणांना तेच पत्र तुमच्या नावानं धाडायचा. कंपन्यांची टपालयंत्रं गुदमरली. तो लिहिणारा डेव्हिड स्मिथ आठवड्याभरात पकडला गेला आणि २००२ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. लक्षात घ्या, हत्यार तेच होतं जे आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी पगारपत्रकासाठी वापरलं होतं. इंटरनेटवरून आलेल्या कागदांतले मॅक्रो आपोआप अडवायला मायक्रोसॉफ्टला २०२२ साल उजाडावं लागलं.

बटण आणि दुवा, हे दोन्ही धागे एकत्र गुंफले गेले ते २०१४ मध्ये, ‘वर्कफ्लो’ या ॲपमध्ये. तिघा तरुण अमेरिकनांनी ते केलं. एकेक क्रिया ठोकळ्यासारखी एकाखाली एक लावायची. घड्याळ पाहा, पत्ता काढा, नकाशा उघडा, निरोप पाठवा. संगणकाची भाषा न शिकताही जुडी बांधता येऊ लागली. २०१५ मध्ये या ॲपला ॲपलचं डिझाइनचं पारितोषिक मिळालं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसालाही, फोन वाचून दाखवेल त्या आधारानं, आपलं बटण स्वतः बांधता येतं, ही त्यामागची मोठी बाजू होती. २०१७ मध्ये ॲपलनं ते विकत घेतलं आणि २०१८ मध्ये ‘शॉर्टकट्स’ या नावानं आयफोनवर आणलं. २०२१ मध्ये ते मॅक संगणकांवरही आलं. माझ्या भाचीनं बांधलेलं बटण ते हेच. आणि बरं का, त्यात बोट लावून आतले ठोकळे एकेक करून पाहता येतात. मी पाहिले. चारच आहेत.

आपल्याकडे हा सगळा इतिहास चहाच्या टपरीवर येऊन उभा राहिला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळानं २०१६ मध्ये यूपीआय सुरू केलं. टपरीवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूनं १९९४ मध्ये मोटारींचे सुटे भाग ओळखायला केला. टपरीवरच्या चौकोनात काय असतं? एक दुवा! सुरुवातीला ‘यूपीआय’ हा शब्द, म्हणजे दार. पुढे ‘पे’, म्हणजे पैसे द्या. मग चहावाल्याचा पत्ता, त्याचं नाव आणि हवी असेल तर रक्कम. कुठल्याही बँकेचं ॲप असो, ते वाचतं आणि नेमकं पैसे देण्याचं पान उघडतं. ज्यानं आयुष्यात कधी संगणक हाताळला नाही, तोही रोज दहा वेळा हा आडमार्ग वापरतो.

आणि याच वाटेवर दबा धरून बसलेलेही आहेत. ‘तुम्हाला पैसे मिळतील, हा चौकोन टिपा आणि पिन घाला’ असं फोनवर गोड आवाजात सांगणारे. पण त्या चौकोनात ‘द्या’ लिहिलेलं असतं, ‘घ्या’ नव्हे. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती कष्टाची कमाई गेली असेल! त्या माणसांनाही कळ दाबता आली. कळीच्या आत काय लिहिलंय, ते मात्र त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आपल्या भाषेत ‘कळ’ आणि ‘कळणं’ हे शब्द किती जवळजवळ बसले आहेत! यंत्रांच्या दुनियेत त्यांच्यातलं अंतर मात्र वाढत गेलं. एमआयटीतल्या मंडळींना आपली कळ कळत होती, कारण ती त्यांनीच बांधली होती. आमच्या कार्यालयात एकालाच कळत होती आणि तो निवृत्त झाला. आज कोट्यवधी लोक दाबतात आणि बांधणारे मूठभर. म्हणून माझं इतकंच सांगणं आहे. आयुष्यात एक तरी बटण स्वतः बांधून पाहा. अगदी छोटं. रोजच्या औषधाची आठवण करून देणारं असलं तरी चालेल. ते बांधताना कळेल की बटणात जादू नसते, ओळीनं लिहिलेल्या चार आज्ञा असतात. कुणा माणसानं लिहिलेल्या. मग दुसऱ्यानं पाठवलेलं बटण दाबण्याआधी बोट आपोआप क्षणभर थांबेल.

आणि मामूंचं काय? त्या तारेबद्दल मी त्यांना एकदा विचारलं. म्हणालो, ‘मामू, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत होतं?’ ते हसले. म्हणाले, ‘अरे, तारमास्तरला तीनदा वाचायला लावलं. अर्थ विचारला. मगच आकडा लिहिला. भाच्याला काय पाठवतोय ते मला नको कळायला?’ इंग्रजीचं एक अक्षर न येणारे माझे मामू, आकडा लिहिण्याआधी अर्थ विचारून घेत होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)